बट्टा लागलेले पिचर

किस्से कुणी जमवायला जात नाही. कपाटामागे रबरी बॉल साठतात तसे ते साठतात आणि एक दिवस कपाट हलवलं की सगळे घरंगळत बाहेर येतात. आमच्या टीमचं तसंच झालंय. कल्याणात बेसबॉल खेळतो म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "म्हणजे नक्की काय करता?" खरं सांगू? इतकी वर्षं झाली, मलाही अजून ते कुतूहल आहेच!

मी कॉलेजात कोच कर्णिक सरांचा कॅचर होतो. म्हणजे पिचरने फेकलेला बॉल बॅटरच्या मागे उकिडवं बसून झेलणारा. आता ठाण्यात नोकरी करतो आणि रविवारी सरांच्या मागे बॅगा उचलतो. एकदा कोपरीहून रिक्षा केली, मांडीवर कॅचरचा जाळीचा मास्क. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. शेवटी राहवेना त्याला. "साहेब, वेल्डिंगचं काम कुठंय? आमच्या चाळीचं गेट पण करून द्या की!"

*

सरांना पिचर कुठून मिळतात, हे मोठं गुपित होतं.

क्रिकेटमध्ये कोपर वाकवून फेकलेला बॉल म्हणजे बट्टा. नो बॉल! वर पोराच्या नावालाही बट्टा. बेसबॉलमध्ये मात्र कोपर वाकवल्याशिवाय पिचर होताच येत नाही. सर टेनिस क्रिकेटच्या टुर्नामेंटला जायचे, स्क्वेअर लेगच्या अंपायरमागे उभे राहायचे आणि "बट्टा!" अशी बोंब उठली की ज्याला हाकललंय त्याच्या मागे जायचे.

शहाडच्या एका पोराला असंच गाठलं. पोरगं रडवेलं झालेलं. सरांनी प्रेमाने विचारलं, "बाळ, तुझं कोपर कुठं आहे, दाखव बरं."

पोराने नाक पुसलं. "डोंबिवलीच्या पुढचं स्टेशन, सर. पण मी तिथं नाय राहत!"

*

क्रिकेट अंगातून जाता जात नाही. कळव्याच्या विकीने पहिल्याच मॅचमध्ये सणसणीत फटका मारला आणि बॅट घेऊनच धावत सुटला. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं आणि पायाने बेस गाठायचा. विकीने बेसच्या हातभर अलीकडे सूर मारला आणि बॅट पुढे सरकवून टेकवली! अर्थातच आऊट.

विकी ऐकेचना. "अरे, आऊट कसा? बॅट टेकलीय ना! थर्ड अंपायरला दाखवा!"

सर शांतपणे म्हणाले, "विकी, आपल्याकडे पहिला अंपायर येतो हेच नशीब समज."

*

हे अंपायरही गमतीचं प्रकरण. पिचरचा बॉल ठरलेल्या चौकटीतून गेला तर अंपायर ओरडतो "स्ट्राइक!" बाहेरून गेला तर ओरडतो "बॉल!" मैदानाला लागून असलेल्या सोसायटीचे वॉचमन काका भिंतीवरून हे मन लावून बघत असायचे. एका रविवारी आमच्या पिचरला काही केल्या चौकट सापडेना. "बॉल!" "बॉल!" "बॉल!"

काका आत गेले आणि सोसायटीच्या पोरांकडून जप्त केलेला बॉल घेऊन थेट मैदानात आले. "घ्या ओ साहेब. कवापास्नं मागताय, कुणी देईना तुम्हाला!"

*

एका सीझनला आम्ही आधी जिंकतच सुटलो. लीगच्या अ गटात चक्क वर! मग घसरण लागली. कारण डोंबिवलीच्या कोचला सरांची युक्ती कळली. तोही अंपायरमागे येऊन उभा राहायला लागला.

एकदा बट्ट्याची बोंब उठली आणि दोघे कोच एकदमच त्या पोराकडे धावले. पोराला वाटलं, मार पडतोय. ते जे पळालं, ते थेट कंपाउंडवरून पलीकडे!

सर धापा टाकत मला म्हणाले, "सोडू नकोस त्याला. बेसवर असाच पळणारा हवाय!"

*

आता ओंकारचं.

ओंकार आमचा सगळ्यात चांगला पिचर. क्रिकेटमध्ये त्याला बट्ट्याचा नो बॉल देणारा अंपायर दुसरातिसरा कुणी नव्हता, खुद्द त्याचे वडील! मोकाशी काका. भर मैदानात, सगळ्या नातेवाइकांसमोर. त्या दिवसापासून खेळ हा विषय त्यांच्या घरात बंद. जेवलास का, अभ्यास झाला का, बस. दर रविवारी काका त्याला स्कूटरवरून सोडायचे आणि गेटबाहेर मैदानाकडे पाठ करून बसायचे. ओंकार प्रत्येक स्ट्राइकनंतर गेटकडे बघायचा. मला फार वाईट वाटायचं.

शेवटच्या मॅचला समोर डोंबिवली. हरलो तर घसरून ब गटात. आणि अंपायरांचा फोन आला, "मुलीला बघायला मंडळी आलीत हो, निघता येत नाहीये!"

सर गेटबाहेर गेले आणि काकांना घेऊन आले. डोंबिवलीच्या कोचने हरकत घ्यायला हवी होती. तो म्हणाला, "चालतील की! पोटच्या पोराला नो बॉल देणारा माणूस कुठं मिळणार आम्हाला?"

सरांनी काकांना चौकट समजावली. काकांनी दोनदा विचारून घेतली आणि मास्क चढवला.

मॅच बरोबरीत आली. बरोबरीत सुटली तरी आम्ही वाचणार होतो. डोंबिवलीचा शेवटचा बॅटर, सगळ्या बेसवर त्यांची माणसं. दोन स्ट्राइक आणि तीन 'बॉल' झालेले; तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर आऊट, चौथ्या 'बॉल'ला सगळे एकेक बेस पुढे. ओंकारचा पुढचा बॉल स्ट्राइक ठरला तर मॅच तिथेच संपली. 'बॉल' ठरला तर त्यांचा एक जण आरामात चालत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, त्यांना रन आणि आम्ही खाली.

ओंकारने फेकला. बॉल आला सरळ आणि अगदी शेवटी चौकटीच्या कडेला गर्रकन वळला. बॅटर नुसता बघत राहिला.

काकांनी मास्क वर केला. मग म्हणाले, "बॉल."

डोंबिवलीचं पोरगं चालत घरी आलं. सर वाकून बेस गोळा करायला लागले.

मी बॅगा घेऊन पार्किंगला पोचलो तेव्हा बापलेक स्कूटरवर बसलेले. चावी फिरवलेली, पण स्कूटर जागची हलत नव्हती. मान न वळवता काकांनी विचारलं, "तो शेवटचा... धरतोस कसा रे?"

ओंकारने मागून वडिलांच्या हेल्मेटवर दोन बोटं रोवली.

"पप्पा, हलू नका. दाखवतो."