आंतोनच्या कोपऱ्यातलं भात

आंतोनच्या शेतात विहिरीला लागून अर्ध्या गुंठ्याचा एक कोपरा आहे. बाकीच्या शेतात त्याने काहीही लावलं, तरी त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं एकच भात असे: तांबड्या कुसळांचं, उंच वाढणारं, वारा आला की लोळणारं आणि नव्वद दिवसांत पिकणारं. घरात त्याला नुसतं 'तांबडा' म्हणत. त्याला दुसरं नाव असावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

ही गोष्ट आंतोनच्या मुलीची, रिशेलची. कसालहून चार किलोमीटर आत असलेल्या आमच्या वाडीतून दापोलीला कृषी विद्यापीठात शिकायला गेलेली ती पहिलीच. पहिल्या वर्षी भक्ती मॅडमनी वर्गात प्रत्येकाला घरच्या भाताची जात विचारली. कुणी सुधारित जातींची नावं सांगितली, कुणी क्रमांक सांगितले. रिशेल उभी राहिली आणि म्हणाली, "तांबडा."

"कुठला तांबडा?"

"विहिरीकडचा."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "सुट्टीवरून येताना त्याचं मूठभर बी आण," एवढंच म्हणाल्या. त्या बियाचा तीन बाय दोन मीटरचा वाफा विद्यापीठाच्या शेतात तयार झाला आणि त्याची देखभाल रिशेलकडे आली. रोपांची उंची किती, फुटवे किती, कणीस कोणत्या दिवशी बाहेर पडलं, हे सारं ती सुवाच्य अक्षरात लिहीत असे. एरवी फार न बोलणारी ही मुलगी त्या वाफ्याबद्दल विचारलं की थांबत नसे, असं तिच्या मैत्रिणी सांगतात.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत तिने घरचं शेत टेपने मोजलं, आलेखाच्या कागदावर नकाशा काढला आणि तो वडिलांसमोर पसरला.

"पप्पा, विहिरीकडच्या कोपऱ्यात किती पिकता?"

"दोन पायल्ये."

"नव्या जातीचा लावलात तर चार पिकतला. सगळ्या शेतात एकच लावया."

आंतोनने नकाशाकडे पाहिलं, मग विहिरीकडे पाहिलं. "लाव मगे," तो म्हणाला.

दापोलीत ज्या भाताचा एकेक फुटवा ती मोजत होती, त्यालाच घरच्या नकाशावर तिने एका रेघेत काढून टाकलं. उरलेलं बी तिच्या आईने, आग्नेसने, कोंबड्यांना घातलं. शेतात सगळीकडे एकशेतीस दिवसांची नवी जात उभी राहिली, आणि सुरेख उभी राहिली. बांधापलीकडचा शेजारी परशुराम येता-जाता थांबून पाहू लागला.

ऑगस्टच्या अखेरीस आग्नेसचा फोन आला.

"रिशेल, येत्या आयतवारी कणसांचा फेस्त. औंदा पाळी आमची."

"माका ठावक आसा गो. मी येतंय."

"तू येतलंस. पण कणसा खंयसून येतली?"

वाडीत ख्रिस्ती घरं बारा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, आणि ती आणण्याचा मान दरवर्षी एका घराचा असतो. एका घराची पाळी बारा वर्षांनी येते. मागच्या पाळीला रिशेल आठ वर्षांची होती. पांढरा फ्रॉक घालून कणसांची जुडी छातीशी धरून ती वडिलांपुढे चालली होती. ती कणसं शेताच्या कुठल्या भागातली, हे त्या वयात कोण विचारतो? सप्टेंबरच्या आरंभी कणीस देणारं भात त्या घरात एकच होतं.

फोन आंतोनने घेतला.

"पप्पा, तुमी मे महिन्यात बोलाक नाय ता?"

"तू शिकलेला चेडू. माका वाटला, तुका ठावक आसतला."

"आणि माका वाटला, नको आसला तर तुमी नाय म्हणतल्यात."

मग आंतोन म्हणाला, "परशुराम आपली कणसा देता म्हणता. पण आज्यापासून घरच्याच बियाची नेली. दुसऱ्याची घेवन फादराच्या म्होरे कसो उभो रवू?"

रिशेल वाफ्यावर गेली. तांबड्याची कणसं बाहेर पडून वाकली होती. परंतु कापणी दहा दिवसांवर होती, आणि उत्पादनाची नोंद राहून गेली तर सगळं निरीक्षण अपुरं राहणार होतं. ती भक्ती मॅडमकडे गेली आणि झालं ते सारं उभ्यानेच सांगितलं.

मॅडमनी तोंडी परीक्षेसारखं विचारलं, "वाफ्याच्या कडेच्या ओळी आपण मोजतो का?"

"नाही, मॅडम."

"का नाही?"

"त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो. त्यांचं उत्पादन हिशेबात धरत नाहीत."

"मग विळा घे आणि कडेच्या काप. आतल्या ओळींना हात लावलास तर सत्रात नापास करीन."

शनिवारी रिशेल दोन एसट्या बदलून आली. ओल्या पंच्यात गुंडाळलेली जुडी तिने सारा प्रवास मांडीवर उभी धरली होती. एका कंडक्टरने "ह्यांचं अर्धं तिकीट काढू का?" असं विचारूनही पाहिलं.

आंतोन ओसरीवर बसला होता, शेजारी परशुराम. आंतोनने एक दाणा दाताखाली धरला. आतलं दूध घट्ट झालं होतं. त्याने कुसळांवरून बोट फिरवलं.

"आमचोच," तो म्हणाला.

"आंतोना," परशुराम म्हणाला, "तुज्या घरात आता दोघा शिकलेली. एक चेडू आणि एक भात."

"तुजो भात बघ मगे, चवथी नापास," आग्नेस आतून म्हणाली.

रविवारी फादरनी जुडी हातात घेताना रिवाजाप्रमाणे विचारलं, "खंयच्या शेतातली?" आंतोनच्या पाठीमागे रिशेल मान खाली घालून उभी होती.

"शेत दापोलीचा, फादर," आंतोन स्पष्ट म्हणाला. "बी माजा. आणि मेहनत चेडवाची."

फादर हसले आणि त्यांनी पाणी शिंपडलं. बाराही घरांना एकेक कणीस मिळालं.

सोमवारी निघण्यापूर्वी रिशेलने नकाशा पुन्हा काढला. विहिरीकडच्या कोपऱ्यावर तिने पेन्सिलीने काही लिहिलं.

"काय लिवलंस?" आंतोनने विचारलं.

"तांबडा. उत्पादन मोजू नये."

"मोजूचा नाय कित्याक?" आंतोनला ते मुळीच पटलं नाही. "मोज गो. तू दापोलीसून बी घेवन ये, मी फुडल्या वर्साक लेंडीखत घालतंय. दोनाचे अडीच पायल्ये नाय झाले तर विचार."

रिशेलने खोडरबर शोधलं.