दाजींचा पिवळा साप

दाजी दिवसातून कितीतरी वेळा मरायचे आणि प्रत्येक मरणाची बातमी गल्लीभर जायची. "मेलो, मामा, मेलो! खावा आता मला, दुसरा कुनी खायच्या आत!" असं ते आमच्या बैठकीतून ओरडायचे आणि मागोमाग माझ्या वडिलांचं हसणं ऐकू यायचं. नवा माणूस दारातच दचकून थांबायचा. आत बघावं तर सासरा आणि जावई बाजेवर शेजारी शेजारी, माना खाली, हातात मोबाइल.

खेळ अगदीच पोरकट. मोबाइलवर एक पान उघडायचं, वाटेल ते नाव टाकायचं, रंग निवडायचा, की आपण साप झालो. पडलेले ठिपके खात लांब व्हायचं. आपलं डोकं दुसऱ्याच्या अंगाला लागलं की आपण मेलो. मग आपल्या अंगाचे ठिपके होतात आणि जवळ असेल तो ते खाऊन फुगतो. जगभरातले रिकामटेकडे त्यात वळवळत असतात. या दोघांनी त्यातली एक खोली ठरवून घेतली होती. वडिलांचं नाव 'गुरुजी', यांचं 'दाजी'.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे उदगीरचे, बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, नांदेडात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. दुपारची फेरी संपवून आले की बूट काढतानाच आवाज द्यायचे, "मामी, च्या ठेवा, आम्ही मरायला बसून राहिलो." आई म्हणायची, "असलं अभद्र बोलू नका हो." आणि आलं घालून चहा ठेवायची. माझ्या चहात आलं कधी पडायचं नाही.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, धर्माबादकडच्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्याच वर्गात मी शिकलो आणि त्यांच्या लेखी मी वर्गातून कधी बाहेर आलोच नाही. माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. रोज जेवताना ते विचारायचे, "दुकान कसं हाय?" मी म्हणायचो, "बरं हाय." झाला आमचा संवाद. त्यामुळं एका दुपारी जेवायला घरी आलो आणि हसणं ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी पाहुणे आलेत. हसणारे आमचे अण्णा होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या पोटात दुखलं. जन्म गेला त्या घरात, मला ते हसू कधी मिळालं नव्हतं.

दाजींचा खेळ मी मागं उभा राहून बघितलाय. माणूस भारी तरबेज. त्यांचा साप बघता बघता अजगर व्हायचा, आणि अण्णांचा लहान राहिला असेल तर हे त्यांच्या जवळ जाऊन मुद्दाम त्यांच्या अंगावर डोकं आपटून घ्यायचे. अण्णा सगळे ठिपके गिळून खूश. त्यांना वाटायचं, आपण जावयाला हरवलं. मी एकदा दाजींना बाजूला घेऊन म्हटलं, "मुद्दाम मरता तुम्ही." ते म्हणाले, "मोठं होऊन कुठं जायचंय, व्यंकट? मामाच्या पोटात जाऊ." अशा माणसाला नावं तरी कशी ठेवायची? शोधून शोधून मी दमलो.

धोंड्याच्या महिन्यात तर कहरच झाला. जावयाला जेवायला बोलावलेलं, पाट-रांगोळी, पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी. आई वाढून राहिली आणि या दोघांचे मोबाइल मांडीवर. आई कडाडली, "ताटं थंड होऊन राहिलीत!" अण्णा, ज्यांनी मला लहानपणी जेवताना बोलल्याबद्दल ताटावरून उठवलं होतं, ते शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "एवढा एक साप मरू दे." दाजींनी आपल्या ताटातले दोन धोंडे माझ्या ताटात सरकवले. मी खाल्ले. गोड लागले, याचाही राग आला.

एकदा मीही घुसलो त्या खोलीत, 'व्यंकट' या नावानं. पहिल्याच वळणाला अण्णा माझ्यावर आपटून मेले. बैठकीतून आवाज आला, "तू कशाला मधी आलास? दुकान बघ." दाजी म्हणाले, "असू द्या की मामा, खेळू द्या त्याला." दाजींच्या शिफारशीवर वडिलांजवळ बसायचं? मी मोबाइल खिशात घालून दुकानावर निघून आलो.

मग दाजींची बदली झाली, पार जळगावला. निघताना अक्का रडली, आई रडली. दाजी म्हणाले, "अंतर कशाचं, मामा? चार वाजता खोलीत या. मी तिथंच हाय." काही महिने ते आलेही. पुढं बियाण्यांचा हंगाम आला आणि चार वाजता ते कुठल्या तरी तालुक्याच्या रस्त्यावर असायचे. अण्णा मात्र वेळ झाली की चष्मा पुसून बाजेवर बसत. 'गुरुजी' नावाचा साप त्या काळ्या पडद्यावर एकटाच फिरत राहायचा.

मला ते बघवेना. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी ते पान उघडलं, निळा रंग घेतला आणि नावाच्या जागी 'दाजी' लिहिलं. 'गुरुजी' धावत आले. त्या दिवसापासून चारला मी दाजी. जेवताना अण्णा फुललेले असायचे. "आज जावईबापूंनी मला लई मारलं! काय त्यांचा हात!" मी भाकरी मोडत माझंच कौतुक दुसऱ्याच्या नावानं ऐकायचो. या दाजीवरही मी जळायचो, तो मीच असून.

रविवारी अण्णा फोनवर खऱ्या दाजींना म्हणाले, "ह्या हप्त्यात लई मारलंत मला." फोनचा आवाज मोठाच होता. दाजी म्हणाले, "हाव मामा, चुकलं माझं." थोड्या वेळानं त्यांचा मला फोन आला.

"व्यंकट, निळा साप घेऊन राहिलास का?"

फोन घेऊन मी गल्लीत आलो.

"पिवळा घेत जा. काळ्या पडद्यावर निळा त्यांना नीट दिसत न्हाई, म्हनून तर येवढे मेले. मोतीबिंदू हाय दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनला भेतात. कुनाला सांगू नका म्हनले, म्हनून बोललो न्हाई."

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या गोळ्या मी आणतो, एका छताखाली मी राहतो, आणि डोळे गेल्याचं जावयाला सांगायचं! "मला का सांगितलं नाही त्यांनी?" मी ओरडलो.

"तू त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतंस, म्हनून."

हे खरं होतं. म्हणून जास्तच लागलं. शेवटी मीच म्हणालो, "तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकणार नाहीत." दाजींनी अण्णांना फोन केला, "मामा, डोळे दाखवत न्हाई तोवर मी खेळायला येत न्हाई." म्हणजे मलाही जाता येईना. चार वाजले की दुकानात बसून मी नुसता आतुर व्हायचो. 'गुरुजी' तिकडं वाट बघतायत हे मला माहीत, आणि मी त्यांच्यापासून एका नावाच्या अंतरावर. आठवडाही गेला नाही, अण्णा म्हणाले, "जावईबापूंचा हट्ट हाय. चल बाबा."

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. अण्णांनी डोळे मिचकावले, खिडकी पाहिली, भिंत पाहिली आणि म्हणाले, "जावईबापूंना फोन लाव." मी समोर उभा होतो. मुकाट्यानं फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"दिसून राहिलंय, जावईबापू! लख्ख!"

"पहिल्यांदा कोन दिसलं, मामा?"

अण्णा माझ्याकडं वळले. खूप वेळ बघत राहिले. वर्गातही त्यांनी कधी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं.

"व्यंकट दिसला," ते म्हणाले. "केस पिकलेत हो ह्याचे. कवा पिकले, मला म्हाईतच न्हाई."