दुसरी ओळ, डावीकडून चौथा

माझा धाकटा भाऊ जाऊन चार वर्षं होत आली, पण कार्ल्याच्या फाट्यावर तो अजून हात जोडून उभा असतो. थट्टा नाही करत. आमच्या भागात एक पुढारी आहेत, त्यांना लहानथोर सगळे ‘भाऊ’ म्हणतात. त्यांचा वाढदिवस आला, कुठल्या समितीवर निवड झाली, की हायवेच्या कडेला फ्लेक्स लागलाच म्हणून समजा. वर भाऊ, गॉगल लावून, कानाला मोबाईल. खाली शुभेच्छुक, पन्नास-साठ जण, छातीपर्यंत कापलेले. त्यांत दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथा आमचा धाकटा. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण. जिवंत होता तेव्हा दोन गणपती त्यांच्या मंडळात नाचला होता, तेवढ्यावर हा फोटो.

तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता. गेटवर हजेरीला चेहरा दाखवायचं मशीन. त्या सकाळी मशीनने त्याचा चेहरा ओळखला नाही. रोज दोघा-चौघांचं असं व्हायचंच, आणि सुपरवायझर म्हणायचा, जा आत, नंतर बघू. दुपारी तो माल चढवायच्या लिफ्टखाली सापडला. मग कंपनी म्हणाली, आमच्या रेकॉर्डला हा माणूस त्या दिवशी कामावर आलेलाच नाही. आलेलाच नाही? मग आत काय भूत फिरत होतं? कंपनीने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदाराने मशीनकडे. आता मशीनला काय विचारणार, कप्पाळ!

तेव्हा हेच भाऊ मधे पडले. आमच्या ओट्यावर बसले, चहा प्याले, म्हणाले, “ताई, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून काय होणार? मी बोलतो.” बोलले. काय बोलले देव जाणे. आमच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि पुढच्या दिवाळीला कंपनीच्या कँटीनचा ठेका भाऊंच्या भाच्याला मिळाला. तडजोडीचा कागद आला तो मला वाचूनही कळला नाही, आणि मी लोणावळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनला बसते, रोज कागदच बघते. तरी सही केली. आईचा अंगठा मीच धरून टेकवला.

सही केल्यावर तीन महिन्यांनी पहिला फ्लेक्स लागला. मी बसमध्ये खिडकीशी होते. तो दिसला आणि मी अर्धी उठलेच. क्षणभर वाटलं, अरे, आहे की हा! मग बाकीच्या मुंडक्यांकडे लक्ष गेलं आणि डोकं असं फिरलं की शेजारची बाई विचारायला लागली, बरं वाटत नाही का. ज्याने त्याच्या मरणाची मांडवली केली, त्यालाच हा उदंड आयुष्य चिंतत होता.

कोणी मुद्दाम केलं असतं तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या. कोणी काही केलंच नव्हतं. फ्लेक्सवाला दरवेळी जुनीच फाइल उघडतो, वरचा मजकूर बदलतो आणि छापतो. माणसं तीच राहतात. दहीहंडीला धाकटा, नवरात्राला धाकटा, ‘पर्यटकांचे सहर्ष स्वागत’ म्हणायलाही धाकटा. वारा सुटला की फ्लेक्स फुगायचा, त्याची छाती वर यायची, खाली जायची. मी बसमध्ये मान दुसरीकडे वळवायला शिकले.

आई मात्र मुद्दाम जायला लागली. दुपारी जेवण झालं की डोक्यावर पदर घेऊन फाट्यावर जायची, रस्त्याच्या कडेला उभी राहायची. मी चिडले की म्हणायची, “घरच्या फोटूला हार हाय. तितं त्याला हार न्हाई.”

फ्लेक्स उतरला की लोक तो घेऊन जातात. कोणी गोठ्यावर घालतं, कोणी भाताच्या उडवीवर. मागच्या पावसाळ्यात आमच्या हॉटेलात भांडी घासायला येणारी मावशी आठवडाभर आली नाही, म्हणून मी बेडशाच्या वरच्या अंगाला तिच्या वाडीवर गेले. पडवीत टेकले, वर बघितलं, तर छपराला आतून फ्लेक्स. छापलेली बाजू खाली. साठ माणसं हात जोडून माझ्याकडे बघत होती. धाकट्याच्या तोंडावरून पाणी गळत होतं आणि खाली पातेलं ठेवलेलं होतं. मावशी तापाने फणफणलेली, तरी म्हणाली, “बाय, लय चांगला कागद हाय, एवढाच जरा गळतोय.” त्याला यातून सोडवायचंच, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडे गेले. तो चांगला माणूस, पोराबाळांचा. वरमला. “ताई, मला काय माहीत, फाइल येते तशी छापतो.” त्याने धाकट्यावर बाण नेला आणि एक बटण दाबलं. धाकटा गेला. मग त्याने शेजारचे दोघे जवळ सरकवले आणि फट बुजवली. “झालं,” म्हणाला. इतकं पटकन होईल असं वाटलं नव्हतं. मी बाहेर येऊन रस्त्यावर रडले.

नवरात्राचा फ्लेक्स लागला. आई गेली आणि लवकरच परत आली. “न्हाई दिसला.” दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, एकेका तोंडाकडे बोट करून मोजत बसली. फाट्यावरच्या कणसंवालीला हाक मारून दाखवायला लावलं. जेवण तुटलं. मला वाटलं चार दिवसांत विसरेल. पाचव्या दिवशी चुलीशी बसून म्हणाली, “पैलं कंपनीनं काडला, आता भाऊंनी बी काडला. माज्या पोराचं काय चुकलं आसंल गं?”

मी काढलाय, हे माझ्या जिभेवर आलं होतं. शप्पथ सांगते, नाही बोलवलं.

“तू भाऊंच्या पाया पड,” ती म्हणाली. “म्हनावं, एकडाव घ्या पदरात.”

फ्लेक्सवाला म्हणाला, जुनी फाइल उरलीच नाही, आणि नवीन फोटो घालायचा तर ऑफिसचा निरोप लागतो. म्हणून ज्या माणसाला मी चार वर्षं स्वयंपाक करता करता शिव्या घालत होते, त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. भिंतीवर त्यांचेच फोटो. दोन तासांनी आत बोलावलं. माझं ऐकता ऐकता भाऊ दोन मोबाईल बघत होते. “तो? तो वारला ना?” मग जरा विचार करून, “असू दे, टाका. आपलाच पोरगा.” म्हणजे चार वर्षं तो आपल्या पोटाखाली उभा आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी उठले तसे म्हणाले, “ताई, तुम्हीपण या की. महिला आघाडीला चेहरे कमी पडतायत. आईंना पण बरं वाटेल.”

मी हो म्हणाले. पायसुद्धा धरले.

माझा हात जोडलेला फोटो नव्हता. फ्लेक्सवाल्याने माझ्या व्हॉट्सअपवरचा उचलला. “आता सगळं एआय करतं, ताई,” म्हणाला, आणि खालून दोन हात आणून मला जोडले. माझ्या हातावर चुलीचे डाग आहेत, ते हात लोण्यासारखे गोरे. धाकट्याचा चेहरा त्याने एका लग्नातल्या घोळक्यातून काढला. धूसर होता, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच भरून काढला. गाल आले, ओठ हसरे झाले. भुवईवरची खूण गेली. मी म्हटलं, हा तो नाही हो. तो म्हणाला, लांबून कळत नाही, आणि मला त्याच्या शेजारी चिकटवलं.

फ्लेक्स लागला त्या दुपारी मी सुट्टी काढून आईबरोबर गेले. ऊन मी म्हणत होतं, मी तिच्यावर छत्री धरली होती. तिने ओळखलं नाही तर काय सांगायचं, तेच मी मनात जुळवत होते. तिने बराच वेळ बघितलं. मग हसली. चार वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

“गोरा झालाय,” ती म्हणाली. “आन् ही बी शेजारी हाय. दोगं बरुबर हायेत, आता मला घोर न्हाई.”

मागून बस गेली, फ्लेक्स हलला. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, “आई, चल, ऊन लागेल.”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मान वर करून त्या गोऱ्या हातांच्या बाईला म्हणाली, “येते गं पोरी. उद्या येते.”