रुपरावांनी खोडलेला दोन

शुक्रवार, १० जानेवारी २०२५. सकाळी धुकं. लोकरीचे कपडे उन्हात घातले. दुपारी रुपरावांच्या दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. चूक माझी आहे.

रुपराव हे आमच्या नंदनवन वस्तीतले निवृत्त विज्ञान शिक्षक, माझ्या यजमानांचे मित्र. आकाशगंगांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात. न दिसणारं कृष्णद्रव्य त्यांना धरून ठेवतं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. रुपरावांना ते पटलं नाही. गुरुत्वाकर्षण फार क्षीण होतं तिथे त्याचा नियमच बदलतो, असं ते म्हणत. वीस वर्षं त्यांनी हेच गणित केलं. ताऱ्यांचा वेग त्यातून बरोबर निघे. प्रश्न उरला होता प्रकाशाचा. दूरच्या आकाशगंगेचा प्रकाश वाटेतल्या आकाशगंगेजवळून येताना वाकतो, तो किती?

मोतीबिंदूनंतर त्यांना स्वतःची कच्ची वही वाचवेना, म्हणून मी पक्की प्रत करून देत होते. तिच्यात हेही उत्तर जुळलं. रविवारी ते वाचनालयात बोलणार होते. त्यासाठी नवा सदरा शिवला होता.

माझ्या नोव्हेंबरच्या रोजनिशीत नोंद होती: ‘पान ३३. दोनवर शाईचा डाग. दोन स्वच्छ लिहिला.’ तो डाग नव्हता, त्यांनी मारलेली काट होती. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर पक्क्या प्रतीत डाग चालू देत नसत. ती सवय हाताला राहिली.

शनिवारी जाऊन सांगितलं. भिंग घेऊन ते बराच वेळ त्या पानावर वाकून होते.

“मीच खोडला होता, वहिनी. सापेक्षतेच्या सिद्धांतात प्रकाश साध्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा दुप्पट वाकते. माझ्या नियमाले तो दोन फुकट घेता येत नाही.”

“मग?”

“मग दुर्बिणीत दिसते त्याच्या अर्धाच वाकते.”

त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई दारात उभ्या होत्या. “उद्या जाऊ नका. ताप आला म्हणून कळवून देऊ.”

“काहून वं? नवा सदरा काय कपाटाले घालू?”

रविवारी त्यांनी आधी तारे समजावले. मग फळ्यावर दोन लिहून स्वतःच पुसला. करिष्मा नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने विचारलं, “म्हणजे सर, कृष्णद्रव्य आहे?”

“ते मले माहीत नाही. माझा नियम पुरत नाही, इतकं माहीत आहे.”

 परतताना त्यांनी वही घट्ट धरली होती.

त्या संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं: सत्यवतीबाईंनी वाटीभर तिळाची चटणी दिली. वाटी घासून ठेवली. उद्या परत द्यायची.