सुनंदाचा पेपर आणि माझा पहारा

माझा ऑनलाइन कशावरच विश्वास नाही. बँकेचा मेसेज आला तरी तो खराच बँकेचा आहे का, हे मी आधी बँकेत जाऊन विचारून येतो. त्यामुळं बायकोनं, म्हणजे सुनंदानं, घरबसल्या मास्टर्सला नाव घातलं तेव्हा मला पहिली शंका आली ती कॉलेजवरच!

"हेल्थ केअर इन्फॉर्मॅटिक्स! पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर नीट कशी ठेवायची ते शिकवतेत," ती म्हणाली. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात ती कामाला होती.

"कॉलेजची इमारत कुठंय?"

"ऑनलाइनला इमारत कशाला लागती?"

"मंग पळून गेले तर धरायचं कुणाला?"

ती उठून भांडी घासायला गेली. (उठून गेली म्हणजे दाल में काला, असं मी धरून चाललो.)

परीक्षाही घरातूनच, कॅमेऱ्यासमोर. आदल्या दिवशी तिची तालीम झाली आणि माझी खात्रीच पटली. कॅमेऱ्यातून एक परीक्षक फर्मावत होता, "मॅडम, झुमके निकालिए. अब पूरा कमरा दिखाइए." आता सांगा, कानातलं काढायला लावणारा, वर घर बघून घेणारा माणूस परीक्षक असतो का दरोडेखोर?

"अहो, कॉपी करू नये म्हणून बघतेत ते!" सुनंदा वैतागली.

मी ठरवलं, पेपरला खोलीत पहारा द्यायचा. ती दुष्काळाची वर्षं. आमच्या मुकुंदवाडीत रोज नवी इमारत उभी राहत होती आणि नळाला मात्र आठवड्यानं पाणी! घराघरात माणसांपेक्षा ड्रम जास्त. आमचे ड्रम मागच्या खोलीत, आणि धड दार लागणारी खोलीही तीच, म्हणून पेपरही तिथंच. मी "ऑफिसला जातो" म्हणून निघालो, मागच्या दारानं आत आलो, रिकाम्या ड्रममध्ये उतरलो आणि झाकण ओढून घेतलं.

परीक्षक माझ्याइतकाच संशयी निघाला!

"मॅडम, इन ड्रमों में क्या है?"

"पानी है सर."

"सब में? इतना पानी?"

"हमारे यहां नल रोज नहीं आता सर."

"ढक्कन खोलके दिखाइए."

झाकणं उघडल्याचा आवाज जवळजवळ येत गेला. मी गुडघ्यात डोकं घालून आणखी खाली दबलो. मग डोक्यावर उजेड पडला आणि सुनंदा किंचाळली, "अगं बाई!"

"मॅडम, ये कौन है?"

"मिस्टर है सर."

"ड्रम में क्यों है?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी ड्रमच्या तळाकडं.

"ये आपको जवाब बताने बैठे हैं. पेपर कॅन्सल!"

सुनंदाचे डोळे भरून आले. ड्युटी, स्वयंपाक, पाण्याची ओढाताण, सगळं उरकून तिनं अभ्यास केला होता. पेपर गेला तर वर्ष गेलं, तेही माझ्या अतिशहाणपणापायी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तिनं पदरानं डोळे पुसले. "सर, इनको कुच नहीं आता. तुमीच पूछके देखो!"

परीक्षकानं मला विचारलं, "बताइए, मरीजों का डेटा सुरक्षित कैसे रखेंगे?"

हात्तिच्या, एवढंच? मी ड्रममधूनच ठणकावलं, "कपाट में! और चाबी बीवी के पास!"

पलीकडं परीक्षकानं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. (बरोबर आलं वाटतं, मी मनात म्हटलं.)

"मॅडम," परीक्षक शेवटी म्हणाला, "इनसे कोई खतरा नहीं. बाहर भेजिए और पेपर शुरू कीजिए."

सुनंदा चांगल्या मार्कांनी पास झाली. तिचा निकाल यायला महिना लागला. माझा मात्र ड्रममध्ये उभ्या उभ्याच लागला!