वानर गुरुजींचे दोन दगड

वानर गुरुजी रोज दोन दगडांवर बसत. एक माझ्या वालूरच्या शेतात, विजेच्या मोठ्या तारांखाली. दुसरा तिथून लांब, चिंचेखाली. एक तास इथं, एक तास तिथं. "एकाच जागेचं बघून बोलू नये," असं ते शाळेत सांगत. निवृत्तीनंतर वानरं न्याहाळतानाही तोच नियम, म्हणून गाव त्यांना वानर गुरुजी म्हणे.

तारांमध्ये वीज नुकतीच सोडली होती. तिच्यामुळं वानरांचं वागणं बदलतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. शेत माझं, चिंच माझी. पण मला पाहिलं की कळप पळे, आणि गुरुजींच्या पायाशी माद्या पिलांच्या उवा काढत बसत. तेही मी सोसलं असतं. पण माझी शुभा वही घेऊन त्यांच्या शेजारी बसायची. सेलूच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माझ्या आवाजाला भलेभले वचकतात. पोटच्या पोरीनं मात्र मला कधी एक प्रश्न विचारला नाही. गुरुजींना दिवसाला पन्नास!

मला त्या तारा शेतावरून हटवायच्या होत्या, आणि पुरावा त्या वहीत होता. पहिले आठ दिवस तारांखाली वानरं आखडून, गप्प बसली होती. पुढं मात्र पूर्वीसारखीच.

"गुरुजी, पहिल्या आठ दिवसांची पानं द्या. बाकीची ठेवा तुमच्यापाशी."

"शेठ, नवं काही आलं की जीव आखडतो, मग सरावतो. अर्धीच वही दाखवली तर ते खोटं झालं."

मी वहीला हात घातला. शुभानं ती छातीशी धरली. "बाबा, लय झालं! हा तुमचा मोंढा न्हाई."

त्या दिवशी मी गुरुजींना शेतातून हाकललं. तारा आहेत तिथंच आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात गुरुजी गेले. शुभा आता बाहेरगावी शिकते. जाताना तिनं वही माझ्यापुढं ठेवली. "घ्या. पण सगळी वाचा."

शेवटच्या पानावर तिचंच अक्षर: तारांखाली – मालक आले, ओरडले, कळप पळाला. चिंचेखाली – मालक आले, ओरडले, कळप पळाला. त्याखाली गुरुजींचा शेरा: 'विजेचा संबंध नाही. मालक गप्प बसल्यास काय होते, ते पाहावे.'

मेल्यावरही माणसानं शेरा मारावा! अजून संताप होतो. तरी रोज सकाळी मी चिंचेखालच्या दगडावर तोंड मिटून बसतो.

काल शुभाचा फोन आला. "बाबा, आले का वानरं?"

"जवळ न्हाई आले. पण पळाले बी न्हाईत."

"किती लांब होते? माद्या किती? पिलं होते का संगं?"

"थांब," मी म्हणालो, "वही आणतो."