निम्म्या गोळ्या

सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर मी नंबराची वाट बघत होतो. शेजारच्या आजींना नुकत्याच महिनाभराच्या बीपीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. शेजारणीला विरजण द्यावं तितक्या सहज त्यांनी त्यातल्या निम्म्या वेगळ्या काढल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या.

"या सखूच्या," त्या म्हणाल्या. "तिलाही बीपीच आहे. पण गुडघ्यांमुळं तिला वाडीवरून खाली उतरवत नाही. मग एक दिवस मी घेते, एक दिवस ती."

"अहो आजी, अशानं दोघींनाही गुण यायचा नाही."

"मग तिला काय सांगू? माझ्यापुरत्याच आणल्या म्हणून?"

नर्सबाईंना सांगावं, तर त्या आजींनाच रागावणार. गप्प बसावं, तर तेही बरं वाटेना. औषध मोजूनमापून घ्यायचं असतं, एवढं मला कळतं. पण वर एकटी बसलेली सखू कुठल्या मापात धरायची, ते काही केल्या कळेना.

मी कपाळ चोळत बसलो. आजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एक गोळी पुढं केली.

"तुमचंही डोकं गरगरतंय वाटतं. घ्या, सखूच्यातली नाही, माझ्यातली आहे."